वाचकांचे प्रश्न : लिखाण आपलं, कपाट दुसऱ्याचं

या वेळी ब्लॉग आणि सोशल मीडियाबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. पत्रं पुष्कळ आली, पण त्यांतली निम्मी तरी एकाच गोष्टीभोवती फिरतात: दहा-पंधरा वर्षं लिहिलेलं आता नेमकं कुठे आहे आणि ते परत हातात कसं घ्यायचं. म्हणून तिथे जास्त जागा दिली आहे. कंपन्या बटणांची नावं अधूनमधून बदलतात. इथे दिलेलं नाव दिसलं नाही तर आसपासच शोधा, सापडेल.

प्रश्न : २००९ पासून ब्लॉगस्पॉटवर पुण्याच्या आसपासची लेणी, घाटवाटा आणि देवळं यांबद्दल लिहितो. तीनशेच्या वर लेख झाले. हल्ली लोक सांगतात की फेसबुकवर मी पूर्वी टाकलेल्या लिंक उघडत नाहीत. ब्लॉग तर चालू आहे. हे काय आहे? आणि सगळ्या ब्लॉगची प्रत घरी कशी ठेवायची? (निवृत्त शिक्षक, बिबवेवाडी)

ब्लॉग जागेवर आहे, पत्ता बिघडला आहे. २०१२ च्या सुमारास गूगलने ब्लॉगस्पॉटच्या वाचकांना त्यांच्या त्यांच्या देशाच्या पत्त्यावर वळवायला सुरुवात केली. ब्लॉग ‘डॉट कॉम’चा असला तरी भारतात उघडणाऱ्याला वरच्या पट्टीत ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ दिसायचं. लोकांनी त्या पट्टीतूनच पत्ता उचलला आणि जिथे तिथे चिकटवला. २०२० मध्ये ते ‘डॉट इन’ नाव गूगलच्या हातून सुटलं आणि त्या नावावरच्या लाखो लिंक एका फटक्यात निकामी झाल्या. वाचकांना एवढंच सांगा, पत्त्यातलं ‘इन’ खोडून ‘कॉम’ लिहा, लेख उघडेल. जुनी लिंक तशीच उघडत बसू नका. नाव दुसऱ्याच्या हाती गेलं की त्यावर कोणतंही पान दिसू शकतं.

आपल्याच लेखांत ‘हेही वाचा’ म्हणून दिलेल्या लिंकही तपासायला हव्यात. तीनशे लेख एकेक उघडू नका. आधी खाली सांगितल्याप्रमाणे प्रत काढा, ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि कंट्रोल-एफ करून ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ इंग्रजीत शोधा. कोणत्या लेखात किती जागी ते आहे हे अर्ध्या तासात कळतं.

आता प्रत. ब्लॉगच्या सेटिंग्जमध्ये ‘बॅकअप कंटेंट’ असतंच, पण आम्ही सरळ गूगल टेकआउट (गूगलकडची आपली माहिती उतरवून घ्यायची सोय) वापरायला सांगू. तिथे गेल्यावर सगळ्याच सेवांवर खूण केलेली असते. आधी ‘डिसिलेक्ट ऑल’ करा, मग खाली जाऊन फक्त ब्लॉगरवर (ब्लॉगस्पॉटचे ब्लॉग ज्यावर चालतात ती गूगलची सेवा) खूण करा. हे विसरलात तर पंधरा वर्षांचे मेल आणि फोटो मिळून भलंमोठं गाठोडं तयार होतं आणि ते उतरवता उतरवता नेट दम तोडतं. पुढे ‘एकदाच’, ‘झिप’ आणि ‘२ जीबी’ निवडा. थोड्या वेळाने मेलवर लिंक येते. ती साधारण आठवडाभरच चालते, त्यामुळे ‘नंतर बघू’ म्हणू नका.

झिप सोडवल्यावर ब्लॉगच्या नावाचं फोल्डर आणि त्यात फीड नावाची फाइल मिळेल. ती उघडल्यावर खुणांच्या जंगलात अधूनमधून मराठी दिसतं. घाबरू नका, ते तसंच असतं. ही फाइल वाचण्यासाठी नाही. उद्या दुसरीकडे ब्लॉग हलवायचा झाला तर ती कामाला येते. फसगत होते ती फोटोंची. लेखात फोटो स्वतः नसतो, फोटोचा पत्ता असतो. ब्लॉगवरच चढवलेले फोटो गूगलकडे असतात, पण दुसऱ्या फोटो-साइटवर ठेवून इथे नुसते दाखवलेले फोटो कुठल्याच प्रतीत येत नाहीत, आणि ती साइट बंद झाली की लेखात मोकळी चौकट राहते. म्हणून २००९ ते २०१२ या काळातले दहा लेख घ्या आणि त्यांतला प्रत्येक फोटो प्रतीत आला आहे का, हे डोळ्यांनी पाहा. नसेल तर तो आजच ब्लॉगवरून उतरवून घ्या.

वाचण्याजोगी प्रत हवी असेल तर लेख ब्राउझरमध्ये उघडून ‘प्रिंट’मधून पीडीएफ करा. तीनशेंसाठी हे कंटाळवाणं आहे. निवडक चाळीस लेखांसाठी करा. शिवाय इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ‘सेव्ह पेज नाऊ’ अशी चौकट आहे, तिथे लेखाचा पत्ता टाकला की त्या दिवसाचं पान बाहेरच्या संग्रहात जमा होतं. ते फुकट आहे.

आणखी दोन गोष्टी आजच करा. सेटिंग्जमध्ये ‘परमिशन्स’ खाली घरातल्या एखाद्याला लेखक म्हणून बोलावा आणि त्याने होकार दिला की त्याला ‘ॲडमिन’ करा. नुसता लेखक राहिला तर त्याला त्याच्या स्वतःच्या लेखांपलीकडे काही करता येत नाही. दुसरं, दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं कंपनी पुसू शकते; डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. गूगलच्या ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये तीन ते अठरा महिन्यांची मुदत ठरवता येते आणि तेवढा काळ खातं गप्प राहिलं तर कुणाला कळवायचं अशी दहापर्यंत नावं देता येतात. मृत्युपत्रात फ्लॅट आणि एफडी लिहिणारे लोक हे मात्र राहू देतात.

प्रश्न : माझ्याकडे वीस वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेले लेख आहेत. ते ब्लॉगवर चिकटवले की इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा दिसतात. पुन्हा टाइप करावं लागेल का? (सदाशिव पेठ)

नाही, पण तपासणी करावी लागेल, आणि ती मशीनवर सोडता येणार नाही.

जुन्या सॉफ्टवेअरांत मराठी ही खरी मराठी नव्हती. श्रीलिपी काय किंवा सी-डॅकचं आयएसएम काय, दोन्ही आपल्या पुण्याचीच, आणि सारी मराठी छपाई वर्षानुवर्षं अशाच सॉफ्टवेअरांवर चालली. त्यांच्या नेहमीच्या फॉन्टांत फाइलमध्ये इंग्रजी अक्षराचाच क्रमांक असायचा. फॉन्ट त्या जागी मराठी आकार काढून दाखवायचा. फॉन्ट काढून घेतला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, ‘क’ला ०९१५, त्यामुळे फॉन्ट कोणताही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो.

रूपांतर करणारी साधनं नेटवर मिळतात. आधी फॉन्टचं पूर्ण नाव पाहा: वर्डमध्ये मजकूर निवडला की फॉन्टच्या चौकटीत दिसतं. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांची मांडणीसुद्धा वेगळी असू शकते, त्यामुळे नुसतं ‘श्रीलिपी’ पुरत नाही. मग अख्खी फाइल न टाकता एकच वाक्य जुन्या फॉन्टात टाइप करून टाका: ‘ऑक्टोबरात विद्यार्थिनींनी मार्गशीर्षातल्या दऱ्या चढून वाङ्मयावर श्रद्धा ठेवली.’ वाक्याला अर्थ नाही, पण अडखळण्याच्या बहुतेक जागा त्यात आहेत.

काय बिघडतं ते पाहा. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते तशी आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रूपांतर फसलं की वेलांटी सुटी पडते आणि तिच्याजवळ ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. रफाराचं उलटं. जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये अक्षराआधी. म्हणून ‘मार्गशीर्ष’मधला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. या दोन चुका निदान नजरेत भरतात.

‘दऱ्या’ची चूक भरत नाही. हा अर्धा ‘र’ दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात ‘र’ आणि हलन्ताच्या (पाय मोडायच्या खुणेच्या) पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. दुसऱ्यात खाली नुक्ता (टिंब) असलेला ‘ऱ’ वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखे. पण पहिल्या प्रकारातलं ते अदृश्य चिन्ह एखाद्या सॉफ्टवेअरने कचरा समजून काढून टाकलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. शब्द शुद्ध असल्यामुळे स्पेलचेक गप्प बसतो आणि सह्याद्रीत समुद्र शिरतो. म्हणून दुसरा, नुक्त्याचा प्रकार धरा. रूपांतर झालं की ‘र्या’ शोधून एकेक जागा डोळ्यांखालून घाला. ‘आचार्या’ तसाच राहू दे, ‘सुऱ्या’ आणि ‘पायऱ्या’ दुरुस्त करा.

‘ॲ’चंही असंच. जुन्या कीबोर्डवर तो ‘अ’ आणि वरचा चंद्र असा दोन चिन्हांनी बनायचा. २००८ मध्ये युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला. दिसायला फरक शून्य, पण एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲप’ दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्याला सापडेलच असं नाही. शेवटी ‘फाइंड-रिप्लेस’ करून सगळे एकसारखे करून घ्या.

लेखात मधे मधे इंग्रजी शब्द असतील तर ते रूपांतरातून वगळा, नाहीतर साधनाला तीही जुनी मराठी वाटते. आणि फाइल हरवून फक्त छापील कात्रण उरलं असेल तर ३०० डीपीआयवर स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्राखाली मजकूर ओळखून येतो. दोन स्तंभांचं कात्रण असेल तर स्तंभ आधी वेगळे कापा, नाहीतर डावी-उजवी ओळ एकमेकींत मिसळतात.

नवीन टाइप करणाऱ्यांनी विंडोजच्या ‘लँग्वेज’ सेटिंगमधून मराठी जोडावी. २०१९ पासून त्यात इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डबरोबर उच्चारानुसारी कीबोर्डही येतो. वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही.

प्रश्न : २०१२ पासून फेसबुकवर लिहिलेल्या पोस्टचं पुस्तक करायचं आहे. सगळं एकत्र कसं काढू? (कर्वेनगर)

‘अकाउंट्स सेंटर’, मग ‘युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’, मग माहिती उतरवण्याचा पर्याय. त्यात सगळं न घेता ‘पोस्ट्स’ निवडा. पुढच्या पानावरच्या तीन गोष्टी जशा असतील तशा सोडू नका. कालावधी ‘ऑल टाइम’ करा, नाहीतर थोडक्याच काळाच्या पोस्ट येतील आणि बाकीच्या गेल्या म्हणून जीव घाबरेल. फोटोंची गुणवत्ता ‘हाय’ करा. छपाईला मध्यम फोटो चालत नाही. आणि प्रकार ‘एचटीएमएल’ ठेवा, ‘जेसन’ नको.

जेसन का नको? देवनागरीचं प्रत्येक चिन्ह आत तीन बाइटांत साठवलेलं असतं. फेसबुकच्या जेसन फाइलमध्ये ते तीन बाइट सुटे सुटे लिहिले जातात, त्यामुळे एका ‘क’च्या जागी तीन अगम्य खुणा दिसतात. प्रोग्रॅमरला ते पुन्हा जुळवता येतं. टाइपसेटिंग करणाऱ्याला नाही, आणि तो ‘फाइल खराब आहे’ म्हणून परत पाठवेल.

ग्रुपमध्ये लिहिलेल्या पोस्ट वेगळ्या यादीत असतात, त्यांच्यावरही खूण करा. मोठे लेख ज्यांनी ‘नोट्स’मध्ये लिहिले त्यांनी ते आधी पाहावेत: ३१ ऑक्टोबर २०२० पासून नवीन नोट लिहिणं बंद झालं आणि लोकांना ती जागाच आठवेनाशी झाली. इतरांनी तुमच्या पोस्टवर केलेल्या कॉमेंट या प्रतीत शोधू नका; एखादी रंगलेली चर्चा हवी असेल तर ते पान वेगळं पीडीएफ करून ठेवा. मात्र पुस्तकात कॉमेंट छापायची तर लिहिणाऱ्याची लेखी परवानगी घ्या. मेसेंजरवरचं ‘हो, छापा की’ पुरतं, फक्त त्याची प्रत ठेवा.

प्रश्न : आमच्या मंडळाचं फेसबुक पेज एका कार्यकर्त्याने उघडलं होतं. तो आता नोकरीसाठी बाहेरगावी आहे, फोन उचलत नाही. गणपतीच्या आत पेज ताब्यात हवं आहे. (कसबा पेठ)

पेजला स्वतःचा पासवर्ड नसतो, ते कुणाच्या तरी वैयक्तिक खात्याला टांगलेलं असतं. त्यामुळे त्या मुलाशी गोडीने बोलणं हाच जवळचा रस्ता आहे. त्याने पेजवर जाऊन ‘पेज ॲक्सेस’मध्ये तुमच्यापैकी दोघांना ‘फुल कंट्रोल’ द्यायचा, बस, पाच मिनिटांचं काम. ‘टास्क ॲक्सेस’ घेऊन समाधान मानू नका. त्यात पोस्ट टाकता येतात, मालकी मिळत नाही. पण पूर्ण ताबा असलेला माणूस बाकीच्यांना काढूही शकतो, तेव्हा दहा जणांना वाटू नका. दोन पुरेत, एक अध्यक्ष आणि एक घरबसला खजिनदार.

मुलगा सापडलाच नाही तर नवीन पेज काढा, मंडपातल्या फ्लेक्सवर त्याचा क्यूआर कोड छापा. गणपतीच्या दहा दिवसांत लोक जोडले जातात. आणि मंडळाचा मेल ज्या सिमवर उघडला आहे ते सिम चालू ठेवा. बराच काळ रिचार्ज न झालेला नंबर कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते, आणि मग मंडळाचे ओटीपी त्याच्याकडे जातात.

प्रश्न : माझी एक कविता ‘अनामिक’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरते आहे. एका मोठ्या पेजने तर चित्रावर छापून स्वतःचा लोगो लावला. काय करता येईल? (धायरी)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराचा मागोवा तुम्हाला लागणार नाही. निरोप कुलूपबंद जातात. ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असे दोन बाण दिसले की तो मजकूर किमान पाच हातांतून आला एवढंच समजायचं. तिथे उपाय एकच, मूळ कविता नावासह आपल्या ब्लॉगवर किंवा पेजवर तारखेनिशी असू द्या आणि जिथे दिसेल तिथे ती लिंक शांतपणे चिकटवा.

पेजचं मात्र करता येतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. कविता लिहिल्याक्षणी हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हयातभर व पुढे ६० वर्षं राहतो. कलम ५७ प्रमाणे आपलं नाव लावून घेण्याचा हक्क वेगळा आहे. कविता विकली तरी तो जात नाही. क्रमाने असं करा. आधी पुरावा: त्या पोस्टचा पूर्ण पत्ता, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, आणि स्वतःच्या मूळ पोस्टची लिंक. मगच पेजला निरोप पाठवा, ‘कविता माझी आहे, नाव घाला किंवा काढा’. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. पुरावा न घेता आधी भांडलात तर ते पोस्ट पुसतात आणि तुम्ही रिकाम्या हाती राहता. दाद दिली नाही तर प्लॅटफॉर्मचा कॉपीराइटचा अर्ज भरा. साध्या ‘रिपोर्ट’ बटणापेक्षा तो वेगळा असतो आणि त्यात मूळ पोस्टची लिंक द्यावी लागते.

२०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रार केली तर मजकूर ३६ तासांत रोखायचा असतो, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. एका कवितेसाठी कोणी शिवाजीनगर कोर्टात जात नाही. म्हणून आम्ही आधीचा अर्जच सुचवतो. पाककृती लिहिणाऱ्यांसाठी जाता जाता: साहित्याची यादी कुणाची मालमत्ता नसते, पण कृती तुम्ही ज्या शब्दांत सांगितली ते शब्द तुमचे आहेत.

प्रश्न : सासूबाईंचा फोटो लावून कुणीतरी खोटं खातं काढलं आहे आणि नातेवाइकांकडे पैसे मागत आहे. (निगडी)

पैसे कुणी पाठवले असतील तर हे वाचत बसू नका, आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता आले तरच उपयोग असतो, त्यामुळे तास मोजायचे, दिवस नाही. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा.

पैसे गेले नसतील तर खोट्या प्रोफाइलचा पत्ता कॉपी करून ठेवा. नाव पुरत नाही. त्या नावाची पन्नास खाती असतात, आणि तक्रारीत पोलिसांना पत्ताच लागतो. मग सासूबाईंनी स्वतः त्या प्रोफाइलवरून ‘रिपोर्ट’, ‘कुणाचं तरी सोंग घेतलं आहे’, ‘मी’ असं नोंदवायचं. नातेवाइकांनी ‘मित्र’ निवडून त्यांच्या खऱ्या खात्याकडे बोट दाखवायचं. म्हणूनच घाबरून खरं खातं बंद करू नका, तुलनेला तेच लागतं. सायबर गुन्ह्यांच्या केंद्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा जवळच्या ठाण्यात द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६ सी आणि ६६ डी इथे लागतात. प्लॅटफॉर्मच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या ‘ग्रीव्हन्स अपिलेट कमिटी’कडे ऑनलाइन अपील करता येतं.

आणि मित्रयादी ‘ओन्ली मी’ करा. चोराला फोटो कुठूनही मिळतो; पैसे कुणाकडे मागायचे हे त्याला तुमच्या यादीतून कळतं.

प्रश्न : २०१० च्या सुमारास ब्लॉगवर एका लेखाला वीस-पंचवीस प्रतिक्रिया यायच्या. आता दोनसुद्धा नाहीत. लिखाण बिघडलं की वाचक गेले? (औंध)

लिखाणाबद्दल आम्ही काय बोलणार! पण वाटा बुजल्या हे खरं. तेव्हा वाचक फीड, म्हणजे आवडत्या ब्लॉगांवरच्या नव्या लेखांची आपोआप येणारी यादी, वाचायचे, आणि बहुतेकांचं ते वाचन गूगल रीडरमध्ये चालायचं. तो १ जुलै २०१३ ला बंद झाला. गप्पा तोवर फेसबुककडे आणि पुढे व्हॉट्सॲपकडे सरकल्याच होत्या. लोक अजून वाचतात, पण प्रतिक्रिया ज्याने लिंक पाठवली त्याला देतात, तुम्हाला नाही.

एक गोष्ट मात्र लगेच तपासा. ब्लॉगच्या कडेला ‘नवीन लेख मेलवर मिळवा’ अशी चौकट असेल तर ती बहुधा मेली आहे. ती गूगलच्या फीडबर्नर या सेवेवर चालायची आणि फीडबर्नरने मेल पाठवणं २०२१ मध्ये थांबवलं. चौकट दिसते, पण मेल कुणालाच जात नाही. तुमच्या फीडबर्नर खात्यात जुन्या वाचकांची यादी उतरवून घ्यायची सोय होती. तेव्हा घेतली असेल तर ती फाइल शोधा. त्या लोकांना साधा मेल लिहिला तरी काही परत येतात.

व्हॉट्सॲपवर ‘ब्रॉडकास्ट लिस्ट’ करणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते, ‘दोनशे जणांना पाठवतो, चाळिसांनाच मिळतं’. कारण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच ते पोचतं. यादी २५६ जणांपर्यंतच. त्यापेक्षा ‘चॅनेल’ बरं. तिथे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि रोज सकाळी फुलांची चित्रं टाकायला कुणाला जागा नसते. लिंक टाकताना तिच्याबरोबर लेखातला एक पूर्ण परिच्छेद द्या. नुसत्या निळ्या लिंकवर बोट ठेवायला लोक आता घाबरतात, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : नवीन ब्लॉग सुरू करायचा आहे. सगळे म्हणतात, आता रील करा. ब्लॉगला अर्थ आहे का? डोमेन घ्यावं का? पैसे मिळतात का? (वारजे, वय २४)

काय लिहिणार त्यावर आहे. ‘आज पावसात भजी’ हे इन्स्टाग्रामचंच. पण ‘पीएमपीने राजगडाच्या पायथ्याजवळ कसं पोचायचं’, ‘कुंडीतल्या कढीपत्त्याला पांढरे किडे का लागतात’ अशा गोष्टी लोक तीन वर्षांनीसुद्धा शोधतात. त्या ब्लॉगवर सापडतात. फेसबुकवर आठवड्यात गाडल्या जातात.

डोमेन, म्हणजे ब्लॉगचा स्वतःचा पत्ता, घ्या, पण स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या मेलवर. वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यावर घेतलं तर नूतनीकरणाच्या वेळी तो सापडत नाही आणि नाव जातं. पहिल्या वर्षाच्या स्वस्त किमतीला भुलू नका, दुसऱ्या वर्षाची किंमत त्याच पानावर बारीक अक्षरांत असते, ती पाहा.

मराठी ब्लॉगमध्ये नेमकी फसणारी जागा म्हणजे लेखाचा पत्ता. ब्लॉगर शीर्षकातून पत्ता बनवतो, पण त्याला देवनागरी झेपत नाही. ती टाकून देऊन तो ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असा पत्ता लावतो. शंभर लेखांनंतर कोणता पत्ता कशाचा, तुम्हालाही कळत नाही. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या ‘पर्मालिंक’मध्ये ‘कस्टम’ निवडा आणि रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा पत्ता द्या. प्रसिद्ध केल्यावर बदललात तर आधी पाठवलेल्या लिंक तुटतात.

वर्डप्रेस (ब्लॉगरसारखीच दुसरी सोय) देवनागरी ठेवतो, पण वेगळ्या प्रकारे त्रास देतो. लिंक पाठवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी टक्क्याच्या खुणा, आकडे आणि रोमन अक्षरं मिळून नऊ अक्षरं येतात. ‘पुणे’ या शब्दात चार चिन्हं, म्हणजे छत्तीस अक्षरं. वर्डप्रेस अशा पत्त्याला दोनशे अक्षरांची मर्यादा लावतो, म्हणून साधारण बावीस चिन्हांनंतर शीर्षक मधेच तुटतं. तिथेही पत्ता रोमनमध्येच द्या. शीर्षक मराठीत राहू द्या, शोधणाऱ्याला ते सापडतं.

पैशांचं: ॲडसेन्स, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे देणारी गूगलची सेवा, मराठी पानांवर चालतं. कमाई १० डॉलर झाली की पिन क्रमांकाचं पत्र साध्या टपालाने घरी येतं, आणि १०० डॉलर होईपर्यंत बँकेत काही जमा होत नाही. नव्या मराठी ब्लॉगला तो आकडा गाठायला फार वेळ लागतो, त्यामुळे घरभाड्याचा हिशेब त्यावर करू नका. पत्ता भरताना सोसायटीचं नाव, विंग आणि फ्लॅट क्रमांक पहिल्याच ओळीत येऊ द्या, आणि वॉचमनला सांगून ठेवा. बिनरजिस्टरचं ते पातळ पाकीट जाहिरातीच्या कागदांबरोबर रद्दीत जातं.